सदुसष्ट घंटांचा टॉवर बघून आलो (आणि एक शंका)

जुनीमिल_चाळ

नमस्कार मंडळी. मोठं लिहिणारे, चहा घेऊन बसा.

जूनमध्ये लेकीकडं गेलतो, अमेरिकेत इलिनॉयमधलं स्प्रिंगफिल्ड. लिंकनचं गाव. १८३७ ते १८६१ लिंकन तिथंच रहायला होते, घर जपून ठेवलंय, समाधी पण तिथंच. ते सगळं जावईबापूंनी पहिल्या चार दिवसात उरकून टाकलं आणि पाचव्या दिवशी म्हणाले चला बागेत, घंटा ऐकायला. मला वाटलं चर्च असंल. चर्च नव्हतं. वॉशिंग्टन पार्क म्हणून मोठी बाग आहे, तळं, झाडी, आपल्या सोलापुरातल्या कंबर तलावाच्या बाजूला फिरायला जातात तशी फिरणारी माणसं, आणि मधेच एक उंच सिमेंटचा टॉवर, १३२ फूट. त्यात ६७ घंटा. आणि त्या घंटांवर एक माणूस गाणी वाजवतो. रेकॉर्ड नाही, मशीन नाही, माणूस. याला कॅरिलॉन म्हणतात.

आम्ही गेलो तेव्हा त्यांचा दरवर्षीचा जून महिन्यातला महोत्सव चालू होता, देशोदेशीचे वादक येतात. लोक घरून घडीच्या खुर्च्या घेऊन येतात, गवतावर पसरतात, डबे उघडतात. आमच्याकडं खुर्च्या कुठल्या, हिनं लेकीला द्यायला नेलेली चादर होती गाडीत, मोराची, तीच अंथरली. शेजारच्या आजीबाई गाण्यापेक्षा जास्त वेळ चादरच बघत होत्या. सोलापुरी चादर गवतावर टाकून घंटा ऐकणारे आम्ही पहिलेच असू बहुतेक.

टॉवर वर जाऊन बघता येतो. घंटा सगळ्या जागेवर पक्क्या बांधलेल्या, हलत नाहीत, हे मला नवीन होतं. आपली देवळातली घंटा लोळीला धरून हलवतो तसंच, फक्त इथं लोळीला तार बांधलीय आणि ती तार खाली वादकाच्या खोलीपर्यंत येते. सगळ्यात मोठी घंटा पंधरा हजार पौंडांची, म्हणजे आपल्या हिशोबानं पावणेसात टनांच्या वर, आणि सगळ्यात लहान दहा किलोच्या आसपास. घंटा हॉलंडहून आणल्या, पेटिट अँड फ्रिट्सन म्हणून ओतकाम करणाऱ्यांकडून. थॉमस रीस नावाचे वर्तमानपत्राचे मालक होते गावात, युरोपात फिरताना त्यांनी असले टॉवर ऐकले आणि नादच लागला, मृत्युपत्रात पैसे ठेवून १९३३ ला वारले. टॉवर उभा राहिला १९६२ ला.

आता शंका. खाली आल्यावर ही म्हणाली (ही पंचवीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवते) की गाणं आनंदाचं वाटत होतं पण घंटा रडवेली वाटत होती. मी म्हटलं तुला लेकीची आठवण यायलीय आधीच. तर म्हणे नाही, लेक शेजारी बसलीय की, घंटेतच काहीतरी आहे. कुणाला माहीत आहे का?

---

कडक_भाकरी

काका लई भारी लिहिलंय. पण ६७ च का? अडुसष्ट केल्या असत्या तर सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांना एकेक घंटा झाली असती, एक कमी पडली बघा 😀

बाकी १९३३ ला पैसे ठेवले आणि १९६२ ला टॉवर, म्हणजे एकोणतीस वर्षं. मला उगाच वाटायचं असलं फक्त आपल्याकडंच होतंय.

---

सात_रस्ता

६८ वाला जोक मी टाकणार होतो बे 😡

---

पुण्यात_अडकलेला

चांगली माहिती. एक भर टाकतो. तासाला घंटा वाजवणारं घड्याळ आणि कॅरिलॉन यात फरक आहे, लोक एकच समजतात. मुंबईचा राजाबाई टॉवर घ्या. १८७८ ला पूर्ण झाला, २८० फूट, प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावानं पैसे दिले. त्यात पूर्वी सोळा धुना वाजायच्या, आता एकच धून दर पंधरा मिनिटांनी. पण तिथं बसून कुणी वाजवत नाही, ते यंत्रावर चालतं. कॅरिलॉन म्हणायला कमीत कमी २३ घंटा लागतात, स्वरात लावलेल्या, आणि वाजवणारा माणूस.

तिसरा प्रकार आमच्या पुण्यात आहे. पंचहौदाचं चर्च. तिथल्या टॉवरवर आठ घंटा आहेत, त्या इंग्लिश पद्धतीनं दोरीनं गोल फिरवून वाजवायच्या असतात, एका घंटेला एक माणूस. त्यात गाणं नसतंच, फक्त क्रम बदलत जायचा, १२३४५६७८ मग २१४३६५८७ असं. गणिताच्या मास्तरांनी शोधलेलं संगीत. आणि हो, हेच ते पंचहौद मिशन जिथं १८९० ला टिळक-रानड्यांसकट मंडळींपुढं चहा-बिस्किटं आली आणि मग ग्रामण्य (जातीतनं बहिष्कार) आणि प्रायश्चित्त वगैरे रामायण झालं.

---

कडक_भाकरी

पुण्यात अडकलेत म्हणे. आणि "आमच्या पुण्यात" पण म्हणे. दोन्ही एकदम कसं काय मालक.

---

पेटीवाला

काकूंना माझा नमस्कार सांगा. काकूंचा कान शंभर टक्के बरोबर आहे आणि ह्याचं उत्तर मला नेमकं माहीत आहे, कारण मी पेट्या ट्यून करतो आणि एकदा एका घंटेच्या मागं लागून दोन महिने घालवलेत.

तार छेडली किंवा पेटीचा सूर धरला तर त्यात जे वरचे स्वर लपलेले असतात (तानपुऱ्यात गंधार आपोआप ऐकू येतो म्हणतो ना आपण) त्यातला गंधार शुद्ध असतो. घंटेचं तसं नाही. घंटा वाकलेली, खाली जाड, वर पातळ, तिचा आकारच असा की तिच्यातून सा, कोमल ग, प, वरचा सा असे स्वर एकदम निघतात, शिवाय खाली एक खर्जाचा सा गुणगुणत राहतो. म्हणजे एका टोल्यात अख्खा मायनर कॉर्ड, कोमल ग वाली उदास वाटणारी स्वरांची जुळणी. तुम्ही तिच्यावर कितीही हसरं गाणं वाजवा, प्रत्येक स्वर पोटात कोमल गंधार घेऊनच बाहेर पडणार. काकूंनी तो पकडला.

आणि हे स्वर सुद्धा आयते मिळत नाहीत. ओतून काढलेली घंटा कच्ची असते. ती उलटी करून लेथवर चढवतात आणि आतून कुठं किती धातू खरवडायचा त्याचं गणित असतं, एका जागी खरवडलं की खर्ज उतरतो, दुसऱ्या जागी कोमल ग उतरतो. स्वर उतरवता येतो, चढवणं अवघड, म्हणजे जास्त खरवडलं की गेली. हे तंत्र पहिल्यांदा नीट जमवलं हॉलंडच्या हेमोनी बंधूंनी, १६४४ ला, झुटफेन नावाच्या गावात. त्यांच्या मदतीला याकोब व्हॅन आइक म्हणून आंधळे वादक होते, घंटेत कुठले कुठले स्वर आहेत ते कानानं वेगळे काढून सांगायचे. काकूंचेच भाऊबंद.

(१९८० नंतर हॉलंडमध्येच कॉम्प्युटरवर आकार काढून शुद्ध गंधाराची घंटा पण बनवली. दिसायला पोट सुटल्यासारखी आहे. सगळ्यांना ती आवडली असं काही नाही.)

---

जुनीमिल_चाळ

हिला वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. आता दिवसभर मला ऐकवणार आहे, धन्यवाद 🙏

---

सात_रस्ता

पेटीवाले सर मग यावर आपला राग वाजवायचा तर कुठला चालेल? भूप नाही चालणार ना मग?

---

पेटीवाला

भूप वाजेल पण आंबट लागेल. सा ची घंटा अजून घुमतीय, तिच्या पोटात कोमल ग, त्यावर तुम्ही शुद्ध ग ची घंटा मारली, दोघी एकमेकींच्या अंगावर. आणि घंटेला थांबवायची सोय नाही हे लक्षात घ्या, पियानोत असतो तसा आवाज दाबणारा बनातीचा तुकडा इथं नाही. मोठी घंटा एकदा वाजली की कितीतरी वेळ घुमत राहते. जलद तान घेतली तर खिचडी होईल.

भीमपलास चांगला बसेल असं मला वाटतं. सा मध्ये कोमल ग आहे, प च्या घंटेत कोमल नी आहे, दोन्ही रागातलेच. फक्त म ची घंटा वाजवली की तिच्यातून कोमल ध डोकावणार आणि भीमपलासात ध शुद्ध, तेव्हा म वर फार वेळ बसायचं नाही. आता म वर बसायचं नाही तर तो भीमपलास कसला, हे पण खरं.

मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) तर विसराच. पेटीवर मींड नाही म्हणून १९४० ला रेडिओवरून पेटीच हद्दपार केली होती, घंटा ऐकल्या असत्या तर त्या लोकांनी काय केलं असतं देव जाणे.

---

धोटा

मला संगीतातलं ओ का ठो कळत नाही. पण पहिल्या पोस्टमध्ये तारा, लोळी, खाली खोली असं वाचलं आणि मी यूट्यूबवर जाऊन दीड तास कॅरिलॉनचे व्हिडिओ बघितले, बायको विचारायली काय बघताय म्हटलं माग बघतोय.

खरंच सांगतो, हातमागच आहे तो. वादक बाकावर बसतो, समोर लाकडी दांडे रांगेनं, खाली पायाला पावड्या. दांडा दाबला की तार ओढली जाते आणि वर लोळी आपटते. बोटांनी नाही, अर्धी मूठ मिटून करंगळीच्या बाजूनं दांड्यावर मारायचं. मोठ्या घंटा पायानं, कारण वजन हाताला झेपत नाही. आमचे ताता (आजोबा) अशोक चौकाकडच्या घरात मागावर बसायचे, पाय खाली चालू, हात वर चालू, आणि तोंडानं तेलुगूत आम्हाला शिव्या चालू, तीन कामं एकदम. हुबेहूब तेच.

अजून पुढं आहे. जुन्या टॉवरमध्ये वादक नसताना आपोआप वाजायला एक मोठा ढोल असतो, त्यावर भोकं आणि भोकात खुंट्या बसवलेल्या. ढोल फिरला की खुंटी तारेला उचलते आणि घंटा वाजते. गाणं बदलायचं तर खुंट्या काढून दुसरीकडं बसवायच्या. अरे ही तर डॉबी, मागावरचं नक्षी काढायचं यंत्र! डॉबीला पण लॅगवर (लाकडी पट्ट्यांवर) खुंट्याच असतात, डिझाईन बदलायचं की खुंट्या बदल. जेकार्ड म्हणून दुसरं यंत्र, त्याला पुठ्ठ्याची भोकं. म्हणजे आपण ज्यावर चादरीचा मोर काढतो त्याच डोक्यानं ते लोक गाणं काढत होते. काकांनी चादर तिथं अंथरली ते एकदम बरोबर जागी अंथरली.

एक प्रश्न, काका तुम्ही खोलीत गेलतात ना, तारा थंडीत आखडत नाहीत का? आमच्याकडं दमट हवेत सूत तुटतं, उन्हाळ्यात वेगळी तऱ्हा.

---

जुनीमिल_चाळ

वा! हे मला सुचलंच नाही आणि आख्खं आयुष्य गिरणीच्या चाळीत गेलं.

तारांचं म्हणाल तर होय, तारेच्या शेवटाला फिरवायचा स्क्रू असतो. हवा बदलली की तार लांब-आखूड होते मग वादक बसायच्या आधी एकेक स्क्रू फिरवून लोळी घंटेपासून किती लांब राहील ते जुळवून घेतो. मला वाटलं उगाच काहीतरी करतोय, जावई म्हणाले आपला तबलजी हातोडी मारतो ना तसं समजा.

---

विजापूर_रोड

छान चाललंय सगळं, मी जरा खडा टाकतो. असा एखादा टॉवर आपल्याकडं हुतात्मा बागेत किंवा किल्ल्याच्या बागेत झाला पाहिजे असं मला वाचताना वाटलं. गावाला आपला म्हणून एक आवाज पाहिजे.

---

कडक_भाकरी

पाणी चार-पाच दिवसाआड येतंय मालक. आधी नळाचा आवाज येऊ द्या.

---

सात_रस्ता

आणि उंच काही बांधू नका बे. सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी विमानाला आडवी येते म्हणून २०२३ ला पाडली. तुम्ही टॉवर बांधाल, दोन वर्षात तो पण आडवा येईल.

---

पुण्यात_अडकलेला

शिवाय वाजवणार कोण? बेल्जियममध्ये मेखेलेन गावात त्यासाठी १९२२ पासून वेगळी शाळा आहे. टॉवर बांधायला एकदा पैसे लागतात, वादकाला दर महिन्याला. आपल्याकडं उद्घाटनाला फीत कापतील आणि दुसऱ्या वर्षी आत कबुतरं.

---

जुनीमिल_चाळ

विजापूर रोडवाले, तुमच्या एका वाक्यावर मी अडकलोय, गावाला आपला एक आवाज पाहिजे म्हणालात ना.

होता की. गिरणीचा भोंगा. तरुण मंडळींना माहीत नसेल. माझ्या लहानपणी घरात घड्याळ होतं पण ते बघायचं कुणी नाही. पहिला भोंगा झाला की आजी चूल पेटवायची, दुसऱ्याला आजोबा डबा घेऊन जिना उतरलेले असायचे, आणि तिसरा झाला आणि आजोबा अजून चाळीच्या दारात असले तर घरात दिवसभर कुणी बोलायचं नाही कारण खाडा पडणार. प्रत्येक गिरणीचा भोंगा वेगळा, आवाजावरून ओळखू यायचा हा कुठला. शाळेत आम्ही तोंडानं काढायचो. पोराला "अजून भोंगा झाला नाही, झोप" म्हणायचे. रात्रपाळी सुटल्यावर येणारे लोक, अंगावर कापूस, केसांत कापूस, डोळे लाल.

त्या भोंग्यात कोमल शुद्ध काही नव्हतं, नुसता रेकायचा. आणि तो आपल्यासाठी वाजत पण नव्हता, मालकाच्या कामासाठी वाजायचा, हे मोठं झाल्यावर कळलं. पण बंद पडला तेव्हा आजोबा रिटायर होऊन कितीतरी वर्षं झालेली, तरी पहाटे उठून बसायचे. विचारलं तर म्हणायचे वेळ कळंना.

स्प्रिंगफिल्डला तिथं बसल्यावर मला हेच सारखं आठवत होतं. तिथला आवाज पण लांबपर्यंत जातो, बागेच्या बाहेर, घरांत. कुणी कुत्रं फिरवतंय, कुणी पळतंय, कुणी चादरीवर आडवं झालंय, ऐकायचं तर ऐका नाहीतर जा. तिकीट नाही. आणि त्या आवाजानं कुणाचा खाडा पडत नाही. मला त्याचा जरा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

टॉवर बांधा असं माझं म्हणणं नाही हां. कडक भाकरीचं पाण्याचं बरोबरच आहे.

---

धोटा

काका 🙏 आमच्या घरी पण "भोंग्याला उठ" असंच म्हणायचे. मी भोंगा कधी ऐकलाच नाही, शब्द तेवढा ऐकलाय.

---

विजापूर_रोड

मी खडा परत घेतो.

---

पेटीवाला

टॉवर राहू द्या, एक फुकटचा प्रयोग सांगतो. आपापल्या गल्लीतल्या देवळात जा, बऱ्यापैकी मोठी घंटा बघा, पितळी छोटी नको, काशाची असेल तर उत्तम (काशात तांबं साधारण ऐंशी टक्के, बाकी कथिल, म्हणून ती घुमते). एकच टोला मारा आणि कान जवळ नेऊन आवाज विरत जाईपर्यंत ऐका. टोल्याचा जो स्वर वाटतो तो सा धरा. मग पेटीवर किंवा फोनच्या ॲपवर बघा त्यात कोमल ग आहे का. आपल्या घंटा कुणी लेथवर लावलेल्या नसतात त्यामुळं काय निघेल सांगता येत नाही, तीच मजा.

---

पुण्यात_अडकलेला

वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर जी घंटा आहे तिच्यावर हा प्रयोग कुणीतरी करा. १७३९ ला चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा आणल्या, त्यातली ती, १७०७ सालची. नाशिकला नारोशंकराची घंटा पण त्यातलीच. म्हणजे पोर्तुगीजांची घंटा आपल्या देवळात पावणेतीनशेच्या वर वर्षं कोमल गंधार लावत बसलीय आणि आपल्याला पत्ता नाही.

---

कडक_भाकरी

पुणेरी माणसाचं पहिल्यांदा काहीतरी पटलं.

---

सात_रस्ता

प्रयोगाचा रिपोर्ट 🫡

आज सकाळी सहाला गल्लीतल्या मारुतीच्या देवळात गेलो. एक टोला मारला, कान घंटेला लावून उभा. विरला. मग दुसरा मारला, ॲप चालू केलं. तेवढ्यात मागून पाणी घालणाऱ्या मावशी म्हणाल्या लेकराला काय झालंय. तिसऱ्या टोल्याला पुजारीबुवा बाहेर आले. त्यांना सगळं समजावून सांगितलं, कोमल ग, हॉलंड, आंधळे वादक, सगळं. शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, परीक्षा कधी आहे तुझी.

ॲपवर सा म्हणून इंग्रजी B (म्हणजे काळी पाचच्या पुढची पांढरी) दाखवला, आणि वर जो स्वर येतोय तो कोमल ग पण नाही आणि शुद्ध ग पण नाही, दोघांच्या मधेच कुठंतरी लटकलाय. पेटीवाले सर हे काय आहे?

---

पेटीवाला

हेच आहे. न खरवडलेली घंटा! जिथं ओतली गेली तिथंच थांबली. फार चांगली नोंद आहे, ॲपचा स्क्रीनशॉट असेल तर टाका. आणि टोला मारताना लोळी हातात धरून ठेवू नका, आपटून लगेच सोडा, नाहीतर वरचे स्वर मरतात.

---

जुनीमिल_चाळ

ही म्हणतीय तो मधला गंधार तिला ऐकायचाय, ॲपवर विश्वास नाही. सात रस्तावाले, देऊळ नक्की कुठं, आणि पुजारीबुवा पेटी घेऊन आलेलं चालवून घेतील का ते जरा विचारून सांगा.

---

सात_रस्ता

विचारलं. शनिवार सोडून कधी पण या म्हणाले, आरतीनंतर. आणि पेटी आणताच आहात तर दोन भजनं पण म्हणा म्हणाले.